आजोबा १९४४ला इटलीत लढाईत पडले, पलटणीचा नंबर नाही: शोध कुठून सुरू करावा?

वाशिष्ठी

वडिलांच्या वडिलांच्या लष्करी सेवेचा आणि मृत्यूचा शोध घ्यायचा आहे. हाताशी जे आहे ते आधी लिहिते.

गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात. भरती १९४० किंवा ४१, मराठा पलटणीत. १९४४ साली इटलीत गेले, हे घरात सगळे एकमुखाने सांगतात. श्राद्ध श्रावण वद्य नवमीला होतं. घरात सहा टोकांचा एक पितळी तारा आहे. त्याची फीत लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल अशा सारख्या पट्ट्यांची. पत्राच्या पाकिटाचा एक तुकडा आहे. त्यावर इंग्रजीत सी.एम.एफ. लिहिलंय आणि फील्ड पोस्टाचा पुसट शिक्का आहे, आकडा वाचता येत नाही. आजीला पेन्शन होती, पण त्याचे कागद आता नाहीत. रेजिमेंटल नंबर आणि बटालियन कुठेच लिहिलेली नाही.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर नाव आणि मराठा लाइट इन्फन्ट्री टाकून पाहिलं, काही निघालं नाही. लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्येही नावाने काही मिळत नाही. प्रश्न तीन: बटालियन कोणती हे कसं ठरवायचं, त्यांचं नाव कुठल्या स्मारकावर आहे, आणि नंबर नसताना सेवापत्रक मिळतं का?

जुनं_दप्तर

तुमच्याकडे वाटतं त्यापेक्षा बरंच आहे. क्रम मात्र बदला. आधी कमिशनची यादी, तिच्यातून नंबर आणि बटालियन, मग मराठा रेजिमेंटचं बेळगावचं रेकॉर्ड ऑफिस आणि सगळ्यात शेवटी वॉर डायरी, म्हणजे पलटणीने लढाईच्या काळात ठेवलेली रोजची नोंद. नंबराशिवाय बेळगावला लिहिलं तर बहुधा "नंबर कळवा" एवढंच उत्तर येईल.

यादीत काही न निघण्याचं कारण जवळजवळ नक्की स्पेलिंग आहे. रेजिमेंटचं तेव्हाचं नाव फिफ्थ मराठा लाइट इन्फन्ट्री, आणि त्यातला "मराठा" इंग्रजीत एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असा लिहीत. मध्ये एच आणि दोन टी. आजच्या स्पेलिंगने शोधलं की पाटी कोरी येते. अजून एक गोष्ट: नोंदीत ३/५ दिसलं तर ती पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन. पुष्कळ लोक ती पाचवी बटालियन समजून भलत्याच पलटणीमागे लागतात.

नाव पहिल्या फेरीत टाकूच नका. भारतीय नावं भरताना एकच एक पद्धत नव्हती. कुठे आडनाव आडनावाच्या रकान्यात आहे, कुठे नाव-आडनाव दोन्ही एकाच रकान्यात, कुठे नुसतं पाळण्यातलं नाव. ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये दुसरं महायुद्ध, भारतीय सैन्य, रेजिमेंट आणि मृत्यूची तारीख १ जुलै ते ३० सप्टेंबर १९४४ एवढंच भरा. मग "अधिक माहिती"च्या रकान्यात रत्नागिरी टाका. आलेली यादी फाइल म्हणून उतरवून घेता येते. ती स्क्रीनवर वाचू नका, छापून घ्या आणि प्रत्येक नाव मोठ्याने उच्चारून पाहा. कारकुनाने कानाने ऐकलं तसं लिहिलंय, त्यामुळे डोळ्याला न सापडलेलं आडनाव कानाला सापडतं. जाधवच्या शेवटी व्ही, डब्ल्यू किंवा ओ असतो, पवारचा पोवार होतो, चव्हाण चार तऱ्हेने लिहिलेला आढळतो, शिंदेमधला एच गळून पडतो.

रत्नागिरीने जमलं नाही तर नुसतं खेड टाका. पण एक खेड पुणे जिल्ह्यातही आहे (आताचं राजगुरुनगर), दोन्हींची सरमिसळ होते. हे वाचणाऱ्या इतरांसाठी: आजच्या सिंधुदुर्गातल्या मालवण, देवगड, कणकवलीसारख्या गावांचा जिल्हा त्या वेळी रत्नागिरीच होता, सावंतवाडी वेगळं संस्थान होतं आणि रायगडला कुलाबा म्हणत. आजच्या जिल्ह्याच्या नावाने शोधलं तर हाती काही लागत नाही.

नोंद कशी दिसते याची कल्पना यावी म्हणून आधी नाईक यशवंत घाडगे, व्ही.सी. (व्हिक्टोरिया क्रॉस) यांची नोंद काढा. स्पेलिंग जी-एच-ए-डी-जी-ई. ३/५ मराठा, १० जुलै १९४४, इटली. त्यांचं नाव कसिनो मेमोरियलवर आहे, कारण ज्ञात अंत्यस्थान नाही. त्यांच्या नोंदीत कुठला रकाना कसा भरलाय ते नीट पाहून ठेवा, मग तुमची यादी वाचायला घ्या.

आता बटालियन. इटलीत मराठ्यांच्या पलटणी ज्या ठिकाणी लढल्या त्यावरून अंदाज बांधता येतो. १/५, म्हणजे जंगी पलटण, आठव्या इंडियन डिव्हिजनच्या २१व्या ब्रिगेडमध्ये होती. त्याच डिव्हिजनची मशीनगन बटालियन ५/५ (रॉयल). ३/५ होती दहाव्या इंडियन डिव्हिजनमध्ये. जुलै १९४४मध्ये दहावी डिव्हिजन तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, उंबेर्तिदे, मोंतोने, चित्ता दि कास्तेल्लो या डोंगराळ पट्ट्यात झुंजत होती. ऑगस्टमध्ये आठवी डिव्हिजन फ्लॉरेन्सच्या आसपास होती. तारीख पक्की झाली की बटालियन आपोआप उलगडते, आणि नोंदीत ती बहुधा लिहिलेलीच असते.

तारखेबद्दल मात्र सावध राहा. १९४४चा श्रावण २१ जुलै ते १८ ऑगस्ट होता. त्यातली वद्य नवमी १२-१३ ऑगस्टच्या आसपास येते. पण ही तिथी मृत्यूची आहे की तार घरी पोचली त्या दिवसाची? परदेशी लढाईतल्या माणसाची बातमी आधी पलटणीकडून वर, मग बेळगावला, मग तालुक्याच्या पोस्टात आणि तिथून वाडीवर जायची. यात आठवडे जायचे. बेपत्ता म्हणून आधी कळवलं असेल तर महिनेही. घरच्यांनी बातमी ऐकली त्या तिथीला पान वाढलं असेल तर प्रत्यक्ष तारीख मागे, जुलैमध्ये सरकते. म्हणून वर १ जुलैपासून शोधायला सांगितलं. तिथी टाकून देऊ नका, पण ती "या दिवशी किंवा याच्या आधी" अशी वाचा.

स्मारकाबद्दल. थडगं शोधू नका, कारण हिंदू सैनिकाचं बहुधा दहन झालेलं असतं. इटलीत सांग्रो रिव्हर, फोर्ली आणि रिमिनी इथे दहन-स्मारकं आहेत, तिथे दहन झालेल्यांची नावं कोरलेली आहेत. कुठेच ठावठिकाणा नाही अशांची नावं कसिनो मेमोरियलवर आहेत, चार हजारांहून जास्त. जखमी होऊन मागच्या रुग्णालयात गेलेला माणूस लढाईच्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर, काझेर्तासारख्या ठिकाणीही नोंदलेला असू शकतो. त्यामुळे स्मारकाच्या जागेवरून लढाईची जागा ठरवायची चूक करू नका.

क्यूमध्ये नाव मिळणार नाही, ते सोडून द्या. ब्रिटिश सैनिकांची सेवापत्रकं तिकडे आहेत, भारतीय शिपायांची नाहीत. "लंडनहून रेकॉर्ड काढून देतो" म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. क्यूला आपलं एकच काम आहे, वॉर डायरीचं, आणि ते शेवटचं.

फीत_आणि_शिक्का

ताऱ्याविषयी. फितीचे रंग इटली स्टारचेच आहेत, पण फीत हा पुरावा धरू नका. दोन भाऊ सैन्यात असले की घरात फिती बदलल्या जातात. ताऱ्याच्या मध्यभागी वर्तुळात राजाची मोनोग्रामसारखी अक्षरं आणि भोवती ताऱ्याचं नाव उठावात असतं. ते वाचा. नीट दिसत नसेल तर कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासा. ब्रासो, चिंच, राख काहीही लावू नका. मागची बाजू जरूर उलटून पाहा, बारीक अक्षरांत नंबर आणि नाव ठोकलेलं असेल तर अर्धी मोहीम तिथेच संपली. गोल पदकं सापडली तर त्यांची कड भिंगाने पाहा.

ताऱ्यांची संख्याही बोलते. इटली स्टारबरोबर १९३९-४५ स्टार असणारच, तो हरवला असेल. आफ्रिका स्टारही निघाला तर ते इटलीच्या आधी उत्तर आफ्रिकेत किंवा एरिट्रियात होते. ३/५ पलटण मार्च १९४१मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत होती.

घरात हाताच्या पंजाएवढी ब्राँझची गोल थाळी असेल, सिंह आणि ब्रिटानियाचं चित्र असलेली, तर ती या आजोबांची नव्हे. ती पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या घरी दिली गेली. दुसऱ्या महायुद्धात तशी थाळी दिली नाही. पणजोबांच्या पिढीतलं कुणी असेल, तो वेगळा शोध.

सी.एम.एफ. म्हणजे सेंट्रल मेडिटरेनियन फोर्स, म्हणजे मुख्यतः इटली. एम.ई.एफ. असतं तर मध्यपूर्व. शिक्क्याचा आकडा फार मोलाचा आहे, कारण फील्ड पोस्ट ऑफिस ब्रिगेडला किंवा डिव्हिजनला जोडलेलं असायचं. पाकिटाचा तुकडा खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरून मोबाइलने फोटो घ्या आणि फोटोचा निळा रंग कमी करून पाहा, पुसट काळी शाई वर येते. लॅमिनेशन करू नका, त्याने कागद कायमचा बिघडतो.

सजा_चावडी

गावाकडच्या कागदांकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. आजोबांच्या नावावर जमिनीचा तुकडा असेल, कुळ म्हणून का असेना, तर वारस नोंद झालेली असणार. गाव नमुना ६-क ही वारस प्रकरणांची नोंदवही, आणि त्यावरून नमुना ६ मध्ये फेरफार. जुन्या फेरफारात "खातेदार लढाईत मयत, सबब विधवा व अज्ञान मुलगा वारस" अशा अर्थाचं एखादं वाक्य असतं, कधी पलटणीचाही उल्लेख. सध्याच्या सात-बाऱ्यावरून मागे मागे फेरफार क्रमांक धरत जा, १९४४ ते १९५२ पर्यंतचे सगळे पाहा. प्रत तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज केल्यावर मिळते.

दोन ठिकाणी चूक होते. एक, फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे, वर्दी उशिरा दिली तर नोंद चार-पाच वर्षांनीही होते. दोन, त्या काळचा तलाठी मोडीत लिहीत असू शकतो. प्रत मिळाली आणि वाचता आली नाही म्हणून "निरुपयोगी" समजून ठेवून देऊ नका, मोडी वाचणाऱ्याकडे न्या.

कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, परदेशी झालेला मृत्यू शोधू नका. तिथे गावात झालेले जन्म-मृत्यू असतात. पण तुमच्या वडिलांची जन्मनोंद तिथे असेल आणि तीत बापाचं नाव जसं लिहिलंय तसंच बहुधा भरतीच्या वेळी सांगितलेलं असेल. घरात गोपाळराव म्हणतात आणि कागदावर नुसतं गोपा असतं.

आजीच्या पेन्शनचा माग रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घ्या. तिथे विधवांची नोंद विधवेच्या नावावर असते, म्हणून आजीच्या नावाने विचारा. पेन्शन पेमेंट ऑर्डरवर सैनिकाचा नंबर, हुद्दा आणि नाव असतंच.

वाशिष्ठी

सगळ्यांचे आभार. दोन टी घातल्याबरोबर यादी उघडली. रत्नागिरी घालून गाळल्यावर आमच्या आडनावाची दोन माणसं उरली. दोघांचं नावही एकच, दोघेही शिपाई. पहिला ३/५चा, मृत्यू जुलै १९४४, कसिनो मेमोरियल, "अधिक माहिती"त वडिलांचं नाव आणि खेड. दुसरा १/५चा, ऑगस्ट १९४४, त्यात वडिलांच्या नावाबरोबर बायकोचंही नाव आहे, गावाचं नाव मात्र ओळखता येत नाही. ऑगस्टची तारीख आमच्या तिथीच्या जवळ आहे. पण दुसऱ्याच्या बायकोचं नाव आजीचं नाही. पहिल्याच्या नोंदीत बायको नाहीच. ताऱ्यामागे काही नाही, नुसता गुळगुळीत आहे.

जुनं_दप्तर

तिथी जुळते म्हणून दुसऱ्याकडे झुकू नका, वर सांगितलंय तेच. पण बायकोच्या नावावरून त्याला बादही करू नका. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात. घरात आजीचं जे नाव तोंडी आहे ते माहेरचं आहे की सासरचं, हे आधी ठरवा. भरतीच्या कागदावर नवऱ्याने सासरचं नाव सांगितलेलं असणार. माहेरच्या माणसांना विचारा, रेशनकार्ड, मतदार यादी, सात-बारा या तिन्हींवर आजी कोणत्या नावाने आहे ते पाहा.

पहिल्याच्या नोंदीत बायको नाही, याचा अर्थ तो अविवाहित होता असा होत नाही. भरतीच्या वेळी लग्न झालेलं नसेल आणि पुढे नोंद सुधारली गेली नसेल. तुमच्या बाबतीत वडिलांचा जन्म कधीचा आहे ते लिहिलं नाहीत. जन्म भरतीच्या आधीचा असेल तर अविवाहित भरती झालेला माणूस आपोआप गळतो.

दुसऱ्याच्या गावाचं न ओळखता येणारं नाव वाडीचं असू शकतं, किंवा पोस्टाचं. कोकणात पत्ता सांगताना मौजे, वाडी आणि पोस्ट तिन्ही वेगवेगळी, आणि कारकुनाने त्यातलं एकच उचललेलं असतं. खेड आणि शेजारच्या चिपळूण, दापोली तालुक्यांतल्या जुन्या पोस्टांची नावं काढा आणि ते स्पेलिंग मोठ्याने वाचून पाहा.

आणि आता दोघांचेही नंबर तुमच्या हातात आहेत. बेळगावला दोन्ही नंबर एकाच अर्जात लिहा आणि प्रत्येकाचं वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जवळच्या नातेवाइकाचं नाव एवढंच मागा. भरतीच्या शीट रोलमध्ये हे सगळं असतं, शिवाय वय, उंची, छाती, अंगावरच्या खुणा, भरतीची तारीख, बदल्या, शिक्षा, पदकं. तो टिकला असेल तर उत्तमच. पण पेन्शन न बसलेल्यांचे कागद ठरावीक मुदतीनंतर, साधारण २५ वर्षांनी, नष्ट केले जातात. कायम ठेवतात तो लाँग रोल, म्हणजे प्रत्येक सैनिकाची थोडक्यात नोंद असलेली वही. म्हणून अर्जात "शीट रोल किंवा, तो उपलब्ध नसल्यास, लाँग रोलमधील नोंद" असं दोन्ही लिहा. फक्त सेवापत्रक मागितलं की "नष्ट झाले" असं उत्तर येतं आणि माणूस तिथेच थांबतो. तुमच्या आजीला पेन्शन होती, म्हणजे खऱ्या आजोबांचे कागद टिकलेले असण्याची शक्यता जास्त. एकाची फाइल मिळाली आणि दुसऱ्याची नुसती लाँग रोलची ओळ मिळाली, तर तोही एक इशारा समजा.

नंबर एकटा कधी लिहू नका. एकच आकडा दुसऱ्या रेजिमेंटमध्येही असू शकतो. नंबर, हुद्दा, नाव, बटालियन, मृत्यूची तारीख, हे पाचही एका ओळीत.

काळा_खडक

मध्येच विचारतो, माफ करा. आमचे आजोबा १९४५च्या दिवाळीनंतर जावामध्ये गेले. युद्ध तर ऑगस्टमध्ये संपलं होतं. कमिशनच्या यादीत असतील का?

फीत_आणि_शिक्का

असायला हवेत. दुसऱ्या महायुद्धासाठी कमिशनची मुदत ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ अशी आहे आणि त्या काळात सेवेत असताना आलेला कोणताही मृत्यू धरला जातो, आजाराचासुद्धा. १९४५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जावातल्या सुराबायाला ४९वी ब्रिगेड होती, तिच्यात ६/५ मराठा. जकार्ता वॉर सिमेटरी आणि सिंगापूरचं क्रांजी इथलं स्मारक, दोन्ही पाहा. भारतातच छावणीत किंवा रुग्णालयात गेलेल्यांची नावं दिल्ली/कराची १९३९-१९४५ स्मारकाखाली असतात. ते दगडावर नाही, नोंदवहीत आहे, म्हणून लोक "स्मारकच नाही" समजतात. ही वही दिल्ली वॉर सिमेटरीत आहे.

तिबेर_४४

वॉर डायरीबद्दल राहिलंय. क्यूच्या यादीत इटलीतल्या तुकड्यांच्या डायऱ्या डब्ल्यू.ओ. १७० या मालिकेत आहेत (मध्यपूर्वेच्या १६९, ब्रह्मदेशाच्या १७२). साधारणपणे एका पलटणीचं एक वर्ष म्हणजे एक फाइल. शोधताना माणसाचं नाव नाही, पलटणीचं नाव आणि १९४४. कुणी ओळखीचं लंडनमध्ये असेल तर वाचक-ओळखपत्र काढून स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो फुकट घेता येतात. तसं कुणी नसेल तर आधी पानं मोजून घेण्याची फी भरायची, मग प्रतीचे पैसे. पूर्ण वर्ष मागू नका. मृत्यूचा महिना, त्याच्या आधीचा आणि नंतरचा, बस्स.

डायरीत आजोबांचं नाव बहुधा नसेल, हे आधीच मनाशी धरा. अधिकाऱ्यांची नावं असतात, शिपायांचे आकडे. "आय.ओ.आर. मृत ३, जखमी ११" अशा तऱ्हेने. आय.ओ.आर. म्हणजे तिथे इंडियन अदर रँक्स. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्सनाही हीच तीन अक्षरं आहेत, गोंधळ होऊ देऊ नका. व्ही.सी.ओ. म्हणजे जमादार-सुभेदार. त्या दिवशीचा मृतांचा आकडा आणि कमिशनच्या यादीत त्याच पलटणीच्या त्याच तारखेच्या नोंदी ताडून पाहा. आकडा जुळला की लढाई नक्की झाली. डायरीत तीन आणि यादीत सात असतील तर जखमी होऊन नंतर गेलेले किंवा आधी बेपत्ता धरलेले त्यात आहेत. डायरीला जोडलेली परिशिष्टंही मागा, कधी कधी तिथे नंबरासकट यादी मिळते.

जागा सहा आकड्यांत दिलेली असते. ते अक्षांश-रेखांश नाहीत आणि आजच्या मोबाइलच्या नकाशात टाकले तर भलतीकडे नेतात. ते त्या वेळच्या लष्करी नकाशाच्या जाळीतले आकडे, पहिले तीन पूर्वेकडे, नंतरचे तीन उत्तरेकडे, अचूकता शंभर मीटर. आकडे देण्याआधी डायरीत नकाशाच्या शीटचा क्रमांक असतो, तो टिपून ठेवल्याशिवाय आकड्यांचा उपयोग नाही. जुन्या जाळीचे आकडे आजच्या निर्देशांकांत बदलून देणारी साधनं नेटवर आहेत, त्यांना इटलीचा विभाग निवडून द्यावा लागतो.

पलटणीची डायरी त्रोटक असेल तर ब्रिगेडची बघा, तिथे तासातासाचे संदेश असतात. पहिला माणूस तुमचा ठरला तर ३/५ ज्या ब्रिगेडमध्ये होती तिची जुलैची डायरी मागवा. मोंतोने इथे २०२३मध्ये यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलंय. त्या खोऱ्यात जायचं ठरलं तर तेवढी एक जागा नक्की ओळखता येते, बाकीच्या टेकड्या डायरीच्या आकड्यांवरूनच शोधाव्या लागतात.

वाशिष्ठी

वडिलांचा जन्म माघ महिन्यातला, शाळेच्या दाखल्यावर फेब्रुवारी १९४२. म्हणजे भरतीनंतरचा. सुट्टीवर येऊन लग्न झालं असणार. आजीचं सासरचं नाव आत्याकडून कळलं, ते दुसऱ्या नोंदीतलं नाही. म्हणजे पहिला, ३/५चा, जास्त जुळतो. बेळगावसाठी अर्ज लिहिलाय:

"माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात आपल्या रेजिमेंटमध्ये होते. ते इटलीत शहीद झाले. त्यांच्या सेवेची व मृत्यूची संपूर्ण माहिती द्यावी व त्यांना कोणत्या परिस्थितीत वीरमरण आले ते कळवावे. सोबत दोन नंबर देत आहे."

असा चालेल का? की थेट माहिती अधिकारात टाकू?

जुनं_दप्तर

आधी साधं पत्र, स्पीड पोस्टाने, ऑफिसर-इन-चार्ज, रेकॉर्ड्स, मराठा लाइट इन्फन्ट्री, बेळगाव यांना. महिना-दीड महिना वाट पाहा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार: ऑनलाइन पोर्टलवर संरक्षण मंत्रालयाखाली भारतीय सेना निवडायची, फी १० रुपये, मुदत ३० दिवस, मजकूर तीन हजार अक्षरांच्या आत. "खासगी माहिती" म्हणून नाकारलं तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा आणि त्यात कलम ८(३) लिहा. घटना वीस वर्षांहून जुनी असली की ती सबब टिकत नाही. वारस असल्याचा पुरावा, म्हणजे वडिलांचा दाखला, तुमचा दाखला आणि फेरफाराची प्रत, दोन्ही वेळा जोडा.

अर्जातला "संपूर्ण माहिती" आणि "कोणत्या परिस्थितीत" हा भाग काढा. त्याचं उत्तर रेकॉर्ड ऑफिसकडे नसतं, आणि प्रश्नाचं उत्तर नाही म्हणून अख्खा अर्ज निकालात निघतो. परिस्थिती कळायची ती वॉर डायरीतून. बेळगावकडे कागद मागा, गोष्ट मागू नका. असं लिहा:

"शिपाई (नाव), नंबर (पहिला), ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्री, मृत्यू जुलै १९४४, इटली. यांचा शीट रोल, तो उपलब्ध नसल्यास लाँग रोलमधील नोंद, यांची प्रत मिळावी. तसेच नंबर (दुसरा), १/५ मराठा लाइट इन्फन्ट्री, याच नावाचे शिपाई, यांच्या वडिलांचे नाव, गाव व तालुका कळवावा, म्हणजे ओळख निश्चित होईल. माझी आजी (सासरचे नाव) यांना कुटुंबपेन्शन होती, तिची नोंद वरीलपैकी कोणत्या नंबरावर आहे तेही कळवावे."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. दोघांपैकी कोण, हे तेवढ्या एका नोंदीवर ठरतं. आणि आजीचं माहेरचं नावही पुढे "ऊर्फ" लावून लिहा, पेन्शनच्या कागदावर नेमकं कुठलं चढलं असेल सांगता येत नाही.